40 गुंठ्यांतून उरले साडेतीन

सानपाड्याच्या शेतकऱ्याची एक एकर, म्हणजे 40 गुंठे जमीन नवी मुंबईसाठी गेली असेल, तर गेलेल्या जमिनीचा काही भाग परत देणाऱ्या साडेबारा टक्के योजनेत त्याच्या हाती येतात साडेतीन गुंठे. योजनेच्या नावातले 12.5 टक्के कागदावरचे आहेत. त्यांतले 3.75 टक्के सामाजिक सोयींसाठी वजा होतात आणि उरतात 8.75 टक्के, म्हणजे एकरी 354 चौरस मीटर. दीड चटईक्षेत्र निर्देशांकाने त्यावर 531 चौरस मीटर बांधकाम होते. त्यात दुकानांना 15 टक्के, सुमारे 80 चौरस मीटर. जुन्या सातबाऱ्यावर चार भावांची नावे असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला 88 चौरस मीटर जमीन येते. एक गुंठा 101 चौरस मीटरांचा असतो, म्हणजे हा वाटा गुंठाभरही नाही.

ही जमीन कुळांच्या मालकीची झाली तीच मुळी उशिरा. शेजारच्या तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात सारा वसूल करणाऱ्या खोतांविरुद्ध चरी गावच्या शेतकऱ्यांनी 1933 ते 1939 अशी सहा वर्षे जमीन पडीक ठेवली. खोती रद्द करणारा कायदा 1949 चा. कुळकायद्याने 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवला आणि शेतसाऱ्याच्या 20 ते 200 पट किंमत भरून कूळ मालक झाले. 1970 मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको स्थापन झाली. ठाणे-कुलाब्यातली 95 गावे, सुमारे 344 चौरस किलोमीटर क्षेत्र नव्या शहरासाठी ठरले. कृषक दिनापासून तोवर जेमतेम 13 वर्षे झाली होती.

भावाचा हिशोब आणखी बोलका आहे. जमिनीच्या भावासाठी झालेल्या उरण-पनवेलच्या आंदोलनात सरकार एकरी 27 हजार रुपये देऊ करत होते, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटील 40 हजार मागत होते. चौरस मीटरमागे हे 6 रुपये 67 पैसे आणि 9 रुपये 88 पैसे होतात. फरक 3 रुपये 21 पैशांचा. त्यावरून 16 आणि 17 जानेवारी 1984 रोजी गोळीबार झाला आणि पाच शेतकरी मारले गेले. साडेबारा टक्क्यांचा शासन निर्णय त्यानंतर सहा वर्षांनी, 1990 मध्ये निघाला.

नवी मुंबई विमानतळाच्या गावांना 2014 च्या पॅकेजात 22.5 टक्के मिळाले. ते रोख मोबदल्याऐवजी होते हे खरे. तरी एकाच शहरासाठी गेलेल्या जमिनीचे दोन दर झाले, ही तफावत अन्यायाची आहे.

आणि मिळालेले साडेतीन गुंठेही मालकीचे म्हणून दिले गेले नाहीत. ते सिडकोकडून 60 वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळाले. 1995 मध्ये करार झालेल्या भूखंडाचा 60 वर्षांचा पट्टा मूळ कराराप्रमाणे 2055 मध्ये संपतो.