तवंग विरला, तेल संपले का?

केरळच्या किनाऱ्याजवळ 25 मे 2025 रोजी ‘एमएससी एल्सा 3’ हे जहाज बुडाल्यावर तटरक्षक दलाने तेलाच्या तवंगावर डिस्पर्संट, म्हणजे विखुरक रसायने फवारली. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ या जहाजाच्या अपघातानंतरही हाच मार्ग अवलंबला गेला होता. तवंग दिसेनासा झाला की संकट टळले असे मानले जाते. परंतु तेल विखुरणे आणि तेलाचे जैवविघटन होणे, म्हणजे सूक्ष्मजीवांनी ते खाऊन संपवणे, या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

विखुरकांतील पृष्ठसक्रिय द्रव्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याकडे आणि दुसरे तेलाकडे ओढले जात असल्याने, भांड्यावरचा ओशटपणा साबणाने सुटावा तसे तवंगाचे बारीक थेंब होऊन पाण्यात मिसळतात. थेंब बारीक झाले की तेलाचा पृष्ठभाग वाढतो आणि जिवाणूंना ते अधिक सहज मिळते, असा या उपायामागचा तर्क आहे. 1967 मध्ये कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर ‘टॉरी कॅन्यन’ या जहाजाचे तेल धुण्यासाठी वापरलेली द्रव्ये अतिशय विषारी होती आणि त्यांनी तेलापेक्षा अधिक हानी केली. आजची विखुरके तुलनेने सौम्य आहेत, त्यामुळे वादाचा रोख आता विषारीपणाइतकाच विघटनाच्या वेगावर आहे.

या वादाचे केंद्र मेक्सिकोचे आखात आहे. 2010 च्या ‘डीपवॉटर होरायझन’ दुर्घटनेत सुमारे 70 लाख लिटर विखुरके वापरली गेली, आणि त्यांपैकी सुमारे 29 लाख लिटर थेट 1500 मीटर खोलीवरील तेलविहिरीच्या तोंडाशी सोडण्यात आली. त्यांतील एक मुख्य घटक फवारणी थांबल्यानंतर दोन महिन्यांनीही खोल पाण्यात आढळला. पुढे सारा क्लाइन्डीन्स्ट, जॉर्जिया विद्यापीठातील सागरशास्त्रज्ञ समांथा जॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखातातील खोल पाणी प्रयोगशाळेत ठेवून केवळ तेल, केवळ विखुरक आणि दोन्ही एकत्र अशा स्थितींची तुलना केली. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष तर्काला धक्का देणारा होता: विखुरकामुळे विघटनाचा वेग वाढला नाही, उलट केवळ तेल असलेल्या पाण्यात तो सर्वाधिक राहिला. तेथे ‘मॅरिनोबॅक्टर’ हे तेलभक्षक जिवाणू वाढले. विखुरक मिसळताच त्यांची जागा ‘कोलवेलिया’ या जिवाणूंनी घेतली, जे विखुरकावरच वाढू शकतात. म्हणजे रसायन केवळ तेल फोडत नाही, ते कोणी खावे हेही ठरवते.

एक्सॉनमोबिलशी संबंधित रॉजर प्रिन्स यांच्यासारख्या संशोधकांचा आक्षेप असा की बंद बाटलीत तेलाची संहती अवास्तव असते, तर खुल्या समुद्रात थेंब झपाट्याने विरळ होतात आणि जिवाणूंना लागणारे नायट्रोजन-फॉस्फरस अपुरे पडत नाहीत. हा आक्षेप गंभीर आहे आणि विखुरकाने विघटनाला मदत झाल्याचे दाखवणारे इतर प्रयोगही आहेत. तरीही त्यातून विखुरक सर्वत्र उपकारक ठरते असे सिद्ध होत नाही. पाण्याचे तापमान, तेलाचा प्रकार आणि स्थानिक जिवाणू यांवर निकाल बदलतो. जहाजांतील फर्नेस ऑइल घट्ट असल्याने ते विखुरकाला सहसा कमी दाद देते, आणि त्यातील जड घटक सूक्ष्मजीवांनाही सहज पचत नाहीत.

पक्षी आणि खारफुटी वाचवण्यासाठी फवारणी कधी अपरिहार्य असते, हे मान्य करायलाच हवे. परंतु त्याची किंमत पाण्याखालील मासे, अंडी आणि प्लवक मोजतात. म्हणूनच भारतीय समुद्रात प्रत्येक फवारणीपूर्वी आणि त्यानंतर काही आठवडे पाण्याचे नमुने घेऊन विघटनाचा वेग मोजावा, आणि ते आकडे किनाऱ्यावरच्या मच्छीमारांना खुले करावेत.