तळ्यातले मासे कशाने मेले?

काठावर नवी वसाहत असलेले एक तळे संगणकाच्या पडद्यावर आहे. सातवी-आठवीच्या वयाची मुले त्याभोवती फिरतात, पाण्याचे तापमान, गढूळपणा, फॉस्फेट आणि विरघळलेला ऑक्सिजन मोजतात, वाटेल तेव्हा पुढच्या-मागच्या तारखेला जातात. उन्हाळ्यातल्या एका तारखेला तळ्यातले मोठे मासे मेलेले आढळतात. हार्वर्ड विद्यापीठात क्रिस डीडी, टीना ग्रोट्झर आणि सहकाऱ्यांनी शाळांसाठी घडवलेले हे 'इकोम्यूव्ह'. मासे ज्या दिवशी मेले त्याच दिवशी कोणीतरी विष टाकले असणार, असा अंदाज बांधणे मुलांना सोपे वाटते. खरे कारण कित्येक दिवस आधीचे आणि तळ्याबाहेरचे असते. हिरवळीवर घातलेले खत पावसाबरोबर पाण्यात उतरते, शेवाळ माजते, मरते, आणि ते कुजवणारे जिवाणू ऑक्सिजन संपवतात. त्यात हवा ढगाळ आणि पडलेली असली, की ही तूट भरून निघत नाही. चौघांच्या गटात एक जण पाण्याचे रसायन पाहतो, दुसरा सूक्ष्मजीव, तिसरा प्राणी-वनस्पती आणि चौथा माणसांकडे चौकशी करतो. एकट्याच्या वहीतून उत्तर निघत नाही, त्यामुळे एकमेकांची आकडेवारी ताडून पाहावीच लागते.

या तळ्यासाठी डोळ्यांवर हेडसेट चढवावा लागत नाही, साधा संगणक पुरतो, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. आभासी विश्वाचा शाळेला उपयोग किती, हे दृश्य किती हुबेहूब आहे यावर ठरत नाही. मुलाला तिथे कोणते काम करावे लागते यावर ठरते. कोपनहेगनमधील मक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 52 विद्यापीठीय विद्यार्थ्यांनी एकच आभासी प्रयोगशाळा पडद्यावर आणि हेडसेटमधून अनुभवली. हेडसेटमध्ये 'आपण तिथेच आहोत' ही भावना वाढली, पण शिकणे कमी झाले. मेंदूलहरींच्या नोंदींत बौद्धिक ताण वाढलेला दिसला. त्याआधी 2018 मध्ये पॅराँग आणि मेयर या संशोधकांना रक्तपेशींच्या धड्यात हेडसेटपेक्षा साध्या स्लाइड सरस ठरलेल्या आढळल्या. मात्र हेडसेटमधल्या त्याच धड्याचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यानंतर सारांश लिहायला लावला, तेव्हा शिकणे सुधारले आणि गोडीही टिकली. म्हणजे दोष यंत्राला देऊन भागणार नाही. नुसते पाहत राहण्यात विचाराला उसंतच मिळत नाही.

मुलांना गोडी लागते, एवढेही पुरे नाही का, असे काही शिक्षक विचारतात. गोडी हवीच, पण नवलाईची गोडी नवलाईबरोबर ओसरते, आणि तोवर शाळेचे पैसे खर्च झालेले असतात. शिवाय अशी सेवा टिकेलच असेही नाही: गूगलने 2015 मध्ये शाळांसाठी आणलेली 'एक्स्पेडिशन्स' ही आभासी सहलींची सेवा 2021 मध्ये बंद झाली; तिच्यावर बेतलेले तास शिक्षकांना नव्याने आखावे लागले.

याहून वजनदार आक्षेप असा, की गावात खरे तळे असताना पडद्यावरचे कशाला? खऱ्या तळ्याचा वास आणि चिखल पडद्यावर येत नाही, हे निर्विवाद आहे. पण एका सहलीत मुलांना तळ्याचा एकच दिवस दिसतो; खतापासून मेलेल्या माशापर्यंतची साखळी त्यात दिसणार नाही. याच हार्वर्ड गटाने पुढे 'इकोमोबाइल' प्रकल्पात मुलांना मोबाइल आणि मोजणीची उपकरणे देऊन खऱ्या तळ्यावर नेले, तेव्हा दोन्हींतला विरोध उरला नाही. कोल्हापूरच्या पंचगंगेत मासे मेल्याच्या बातम्या अनेकदा येतात. तिथले पाणी मोजणारे विज्ञानशिक्षक आणि प्रोग्रॅमर एकत्र बसले, तर त्या नदीचे असे विश्व मराठीत उभे राहू शकते, आणि शाळेत आधीच असलेल्या संगणकांवर ते चालू शकते. हेडसेटच्या निविदा काढण्याआधी शिक्षण खात्याने पैसा या कामाला द्यावा.