आंब्याची पट्टी आणि मोबाईलचे ॲप

चैत्र लागला की रत्नागिरीच्या आसपासच्या बागायतदारांच्या पडवीत एक वही उघडते, आणि किती पेट्या भरल्या, कोणत्या तारखेस त्या वाशीच्या कोणत्या दलालाकडे रवाना झाल्या, गाडीभाडे व हमाली वजा जाता पट्टी कितीची आली, हा सारा जमाखर्च पाऊस पडेपर्यंत तिच्यात उतरत राहतो. मोबाईलसाठी ॲप तयार करण्याची विद्या शिकू पाहणाऱ्या येथील तरुणाने आपला श्रीगणेशा या वहीपासून करावा, असे मला मनापासून वाटते; कारण तयार नमुने गिरवून हात वळतो खरा, परंतु ज्या व्यवहाराच्या खाचाखोचा आपण लहानपणापासून पाहिल्या, तोच यंत्राला समजावून सांगू लागलो की आपले अज्ञान आणि आपले ज्ञान ही दोन्ही एकदमच उघडी पडतात.

साधने फारशी खर्चाची नाहीत. अँड्रॉइड स्टुडिओ विनामूल्य मिळतो. आणि २०१७ साली गूगलने अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिलेली कोटलिन ही भाषा, जिचे नाव सेंट पीटर्सबर्गजवळच्या एका बेटावरून आले आहे, ती नवख्यालाही लवकर वश होते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘बिल्ड नंबर’ या ओळीवर सात वेळा बोट टेकवले की एरवी झाकलेले एक दालन उघडते, आणि स्वतः लिहिलेली आज्ञावली स्वतःच्याच फोनवर चालवून पाहता येते.

पहिली ठेच बहुधा येथेच लागते. पेट्यांची बेरीज बिनचूक होत असते, आणि फोन उभ्याचा आडवा केला की ती अकस्मात शून्यावर येते! चूक गणिताची नसते. वेगळी तजवीज केली नसेल, तर फोन फिरताच अँड्रॉइड समोरचा पडदा मोडून नव्याने रचतो, आणि तात्पुरते जवळ ठेवलेले आकडे त्या पडद्याबरोबरच जातात. कोणती नोंद क्षणापुरती आणि कोणती दप्तरी दाखल करण्याजोगी, हा विवेक विद्यार्थ्याला अशा वेळी करावाच लागतो. बागेच्या उतारावर रेंज मिळेलच असे नाही. म्हणून ते दप्तर फोनमध्येच, एसक्यूलाइट या लहानशा कोठारात, ठेवणे इष्ट.

मराठीची एक गोष्ट तर मला फारच उद्बोधक वाटते. पेट्यांची संख्या ‘१२’ अशी देवनागरीत लिहिली, तर कोटलिनची पूर्णांक वाचण्याची क्रिया ती निमूट ओळखते. परंतु दर ‘१२.५०’ असा लिहिला, की दशांश वाचणारी क्रिया तो नाकारते आणि ॲप बंद पडते. म्हणजे पेट्या मराठीत चालतात, पैसे मात्र चालत नाहीत! उपाय लहानसा आहे, वाचण्यापूर्वी अंक बदलून घेणे. पण आपल्या भाषेत हिशेब लिहिणारा माणूस डोळ्यांसमोर असल्याखेरीज हा दोष ध्यानातच येत नाही.

इतके साधले, की ॲप वडिलांच्या हाती द्यावे आणि आपण गप्प बसून पाहावे. बटण निदान ४८ डीपी, म्हणजे सुमारे ९ मिलिमीटर असावे, असा गूगलचा दंडक आहे. दिवसभर आंबे उतरवून चिकाने माखलेल्या बोटांना तेवढे पुरते की नाही, हे त्या पडवीतच कळेल.