पैठणचा दगड, रोमची अंगठी

दगडाची कुंडली : भाग ९

मागच्या भागात आपण अकीक पाहिला. आजचा ओनिक्स त्याचा सख्खा भाऊ. दोघेही गारगोटीच्याच कुळातले, म्हणजे सिलिकेचे. दोघांचा कणखरपणाही सारखाच, मोहसच्या मोजपट्टीवर साडेसहा ते सात. वेगळेपण आहे ते रेषांमध्ये. अकीकाच्या रेषा वळणं घेत, वलयं करत जातात. ओनिक्सच्या रेषा पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ आणि समांतर असतात. काळ्या-पांढऱ्या थरांचा असेल तर ओनिक्स, तपकिरी किंवा तांबूस थरांवर पांढरा असेल तर सार्डोनिक्स. आपल्याकडचे खड्यांचे जुने व्यापारी दोघांनाही ‘सुलेमानी’ म्हणतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

या सरळपणाचं कारण साधं आहे. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात आणि खडकात पोकळ्या राहून जातात. पुढे झिरपणारं पाणी विरघळलेली सिलिका घेऊन त्या पोकळ्यांत शिरतं. सिलिका भिंतींना धरून आत आत साचत गेली तर वलयं होतात, अकीक होतो. तळाशी थरावर थर बसत गेली तर ओनिक्स. कित्येकदा एकाच खड्यात दोन्ही दिसतं: खाली सपाट रेषा, वर वलयांची कमान. असा खडा म्हणजे निसर्गानं खडकात ठेवून दिलेली पाणसळच. तो जागचा न हलवता पाहिला, तर थर बसले तेव्हा खालची बाजू कोणती होती आणि खडक नंतर कलला की नाही, हे भूवैज्ञानिकांना त्या रेषांवरून सांगता येतं.

दख्खनचा बेसॉल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या पोकळ्यांत अशा गारा जागोजाग भरल्या आहेत. खडक झिजून माती होतो, गारा होत नाहीत. म्हणून त्या नदीच्या पात्रात आणि नांगरलेल्या शेतात सुट्या सापडतात. आज त्यांचं कौतुक शाळकरी पोरांच्या खिशापलीकडे फारसं जात नाही. दोन हजार वर्षांपूर्वी ते पार रोमपर्यंत गेलं होतं.

त्याचा लेखी पुरावा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक माहितीपुस्तिका लिहिली. ती ‘पेरिप्लस’ या नावानं ओळखली जाते. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय खपतं, कुठे गाळ आहे, कुठे भरती जपायची, असा सगळा रोकडा मजकूर. लिहिणाऱ्यानं स्वतःचं नावसुद्धा ठेवलेलं नाही. त्यात तो सांगतो की बरिगाझाच्या, म्हणजे भडोचच्या, दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगर म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. तेरहून येतं ते कापड. पैठणहून येतो तो ओनिक्स, आणि तोही भरपूर. गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचपर्यंत. उज्जैनकडूनही ओनिक्स याच बंदरात उतरायचा.

आता पैठणकरांना नाणेघाट उतरून कल्याण गाठणं कितीतरी सोयीचं. मग माल भडोचला कशाला? याचं उत्तरही त्याच पुस्तिकेत आहे. कल्याणच्या बंदरात तेव्हा व्यापाराला अटकाव होता आणि तिथे लागलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याचा धोका होता. सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रप यांची त्या काळात जुंपलेली होती, त्याची झळ मालवाहतुकीला बसली. राजे भांडणार आणि गाडीवान लांबचा वळसा घेणार, हे तेव्हाही चालूच होतं. पैठण आणि तेर दोन्हीकडच्या उत्खननांत अकीकाच्या जातीचे मणी निघालेत. तेरला गेलात तर तिथलं रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय चुकवू नका.

रोमला हा दगड हवा होता तो मुख्यतः मोहरेसाठी. पत्रावर, करारावर, कोठाराच्या दारावर मेणात उमटवायची मुद्रा अंगठीतच असायची. प्लिनी हा रोमन लेखक सांगतो की सार्डोनिक्सला मेण चिकटत नाही, ठसा स्वच्छ उठतो. रोममध्ये सार्डोनिक्स पहिल्यांदा वापरला तो हॅनिबलला हरवणाऱ्या सिपिओनं, असंही तो नोंदवतो. दगड कुठून येतो हे सांगताना प्लिनी भारत आणि अरबस्तान ही दोन्ही नावं घेतो. मुद्रेची हौस वाढत वाढत पुढे दरबारी शिल्पापर्यंत गेली, आणि इथेच ओनिक्सच्या सरळ थरांची खरी किंमत कळते.

व्हिएन्नाच्या कुन्स्टहिस्टोरिशेस म्युझियममध्ये ‘जेम्मा ऑगस्टिआ’ नावाचा एक तुकडा आहे. आकार साधारण १९ बाय २३ सेंटिमीटर, म्हणजे शाळेच्या वहीएवढाच. थर दोन: खालचा गडद, वरचा पांढरा. कारागिरानं वरच्या पांढऱ्या थरातून माणसं कोरली आणि जिथे पार्श्वभूमी हवी तिथे पांढरा थर पूर्ण खरवडून खालचा गडद उघडा केला. वरच्या ओळीत सम्राट ऑगस्टस बसला आहे, आसनाखाली गरुड आहे. खालच्या ओळीत सैनिक विजयस्तंभ उभा करताहेत आणि एका बंदिवान बाईला केसांना धरून ओढलं जात आहे. जिथे पांढरा थर अगदी पातळ ठेवला आहे तिथे खालचा काळेपणा किंचित वर येतो आणि वस्त्राची चुणी, गालाचा उतार आपोआप सावलीत जातो. रंगाचा थेंबही न वापरता केलेलं हे छायाकाम आहे. हे सगळं लोखंडी हत्यारानं होत नाही, कारण दगड लोखंडापेक्षा कठीण. कुरुंदाच्या पुडीसारखी कठीण भुकटी फिरत्या अवजाराला लावून कणाकणानं घासत जायचं. एक फटकारा खोल गेला तर पांढऱ्याऐवजी काळं डोकावणार, आणि ते पुन्हा झाकता येत नाही.

ऑगस्टसच्या डोक्यामागच्या चकतीत मकर राशीचं चिन्ह कोरलेलं आहे. स्वतःची रास तो नाण्यांवरही मिरवत असे. या लेखमालेचं नाव ‘दगडाची कुंडली’ ठेवण्यावर ज्यांनी नाकं मुरडली होती, त्यांनी याची नोंद घ्यावी.

याहून मोठं शिल्प पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या संग्रहात आहे. पाच थरांचा सार्डोनिक्स, उंची ३१ सेंटिमीटर. मध्ययुगात तो सेंट-शापेल या चर्चच्या खजिन्यात होता आणि त्यावरचं चित्र बायबलमधल्या योसेफाचं आहे अशी सगळ्यांची भाविक समजूत होती. १६२० मध्ये पेरेस्क या विद्वानानं ते सम्राट टायबेरियसचं घराणं असल्याचं ओळखलं. म्हणजे इतकी वर्षं चर्चमध्ये एका रोमन बादशहाचं कुटुंब मानानं नांदत होतं.

इथवरचा ओनिक्स निसर्गाचा. आज दुकानात काळाकुळकुळीत, एकसारखा ‘ब्लॅक ओनिक्स’ दिसतो, तो जवळजवळ नेहमी रंगवलेला असतो. दचकू नका. ही कला फार जुनी आहे. खडे मधात सात दिवस आणि सात रात्री उकळण्याची कृती प्लिनीनंच दिली आहे. पुढची पायरी बहुधा कारागिरांनी त्याला कळू दिली नाही. ती पुढची पायरी जर्मनीतल्या इदार-ओबरश्टाइन या गावानं एकोणिसाव्या शतकात उद्योग म्हणून वाढवली. करडा अकीक साखरेच्या पाकात किंवा मधाच्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवायचा. दगड टणक असला तरी त्यातल्या सूक्ष्म तंतूंमध्ये फटी असतात, त्यांत साखर मुरते. मग खडा धुऊन तीव्र गंधकाम्लात टाकायचा. आम्ल साखरेतलं पाणी ओढून घेतं आणि मागे उरतो कोळसा, थेट दगडाच्या आत. घट्ट विणीच्या पांढऱ्या थरांत साखर शिरतच नाही, ते पांढरेच राहतात. म्हणून काळ्या-पांढऱ्या रेषा आणखी ठसठशीत दिसतात. हा काळा रंग पुसला जात नाही, उन्हानं उडत नाही.

इदारचा स्वतःचा दगड तोवर संपत आला होता. तिथून पोटापाण्यासाठी ब्राझीलला गेलेल्या लोकांना १८२० च्या दशकात रिओ ग्रांदे दो सुल भागात अकीक सापडला आणि परतीच्या जहाजांत वजन म्हणून भरून तो जर्मनीत येऊ लागला. तो खडकही आपल्यासारखाच लाव्हाचा, पण वयानं दख्खनच्या दुप्पट: सुमारे १३ कोटी वर्षं.

आपल्याकडे या धंद्याचं माहेर गुजरातेतलं खंभात. जमिनीत तिरपी रोवलेली लोखंडी सळई, तिच्या टोकावर धरलेला दगड आणि शिंगाच्या हातोडीचा ठोका. कपची उडते ती सळईच्या बाजूनं. या पद्धतीचं कौतुक जगभरचे पुरातत्त्वज्ञ करतात. त्या कारागिरांच्या छातीत काय साचतं, याबद्दल मात्र कमी बोललं जातं. दगड घासताना उडणारी सिलिकेची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा करणारा उपचार नाही, आणि क्षयाची शक्यता वाढते. घासण्याच्या यंत्राला धूळ ओढणारी नळी आणि पाण्याची धार एवढ्यानंही पुष्कळ फरक पडतो. घराघरांत चालणाऱ्या, नगावर मजुरी देणाऱ्या धंद्यात ती कोण बसवणार? स्वस्त मण्यांच्या माळेची उरलेली किंमत तिथे चुकवली जाते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दुसरा ओनिक्स. नव्या फ्लॅटमध्ये देवघरामागे दिवे लावून जी मधाळ, ढगाळ फरशी चमकवतात तीही ‘ओनिक्स’च. तिचा वरच्या कुळाशी काही संबंध नाही. ती कॅल्साइट, म्हणजे चुनखडीच्या नात्यातली. झऱ्यांच्या पाण्यातून थराथरानं साचलेली. कणखरपणा जेमतेम तीन. बलुचिस्तान, इराण, तुर्कस्तान, मेक्सिको इथून ती येते. मऊ आहे म्हणून मोठे पाट कापता येतात आणि उजेड आरपार जातो, हे तिचं वैभव.

ते वैभव ओळखलं मीस व्हान डेर रोहे या वास्तुकारानं. १९२९ च्या बार्सिलोना प्रदर्शनातल्या जर्मन दालनासाठी त्याला दगड हवा होता. हिवाळ्यात खाणीतला ओला दगड गोठून तडकतो, म्हणून त्यानं हॅम्बुर्गच्या वखारीत वाळलेला माल धुंडाळला. तिथे ओनिक्सचा एक ठोकळा हाती लागला आणि त्या ठोकळ्याच्या दुप्पट उंची त्यानं दालनाला दिली. इमारतीला दगड शोधतात; इथे दगडाच्या मापानं इमारत बेतली गेली. १९३० मध्ये दालन उतरवलं, १९८६ मध्ये ते त्याच जागी पुन्हा उभं राहिलं. ब्रनो शहरात मीसनंच आखलेल्या टुगेंडहाट बंगल्यात मोरोक्कोच्या ओनिक्सची भिंत आहे. हिवाळ्यातलं कलतं ऊन तिच्यावर आलं की ती मागच्या बाजूनं तांबूस उजळते.

म्हणून भिंतीला ओनिक्स जरूर लावा, स्वयंपाकाच्या ओट्याला कधीही नको. लिंबू, चिंच, कोकम, ताक, काहीही सांडलं की चकाकी जाते आणि त्या जागी खरखरीत डाग राहतो. ओट्याला आपला काळा ग्रॅनाइटच बरा. फरशीचा नमुना घरी आणून कोपऱ्यावर लिंबाचा थेंब दहा मिनिटं ठेवून पाहा. कॅल्साइट असेल तर लगेच कळेल.

खड्यांचं म्हणाल तर पाचूचं उपरत्न म्हणून विकला जाणारा गर्द हिरवा ओनिक्सही रंगवलेलाच असतो, बहुतेकदा क्रोमियमच्या क्षारांनी. दागिन्यात तो छान दिसतो आणि स्वस्तही पडतो, मात्र ‘नैसर्गिक हिरवा’ म्हणून चढा भाव देऊ नका. रंग कच्चा वाटला तर नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बुडवलेला कापूस खड्याच्या मागच्या बाजूला फिरवा. कापूस हिरवा झाला तर खडा परत करा. आणि काळा घ्या की हिरवा, खडा रंगवलेला आहे की नाही हे दुकानदाराकडून पावतीवर लिहून घ्या.

(पुढच्या भागात : बदख्शानचा लाजवर्द)