स्थपतीच्या नावाचा रकाना

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या आवारात आर्किटेक्चरची मुलं आपले कागद फरसबंदीवर मांडतायत. वारा आहे, म्हणून प्रत्येक कोपऱ्यावर पाण्याची बाटली नाहीतर पट्टीची पेटी. शेजारून वालधुनी वाहते आहे, मधूनच तिचा उग्र दर्प येतो. बेलाची पानं घेतलेली एक आजी कागदांना वळसा घालून दाराकडे जाते, मग दोन पावलं मागे येऊन वाकून बघते.

‘‘हे आपलंच देऊळ का गं?’’

‘‘हो आजी. मधून कापलं तर असं दिसेल.’’

हा छेद मला इथला सगळ्यात बोलका कागद वाटतो. मंडपातली जमीन एका पातळीवर चालत येते आणि गाभाऱ्याच्या दाराशी एकदम खाली जाते, वीसेक पायऱ्या. वर शिखराचा माथा नाही, त्यामुळे पिंडीवर थेट आभाळ. मुलीने उजेडासाठी एक तिरका बाण काढलाय. अंधारात उतरायला लावणारा कुणी माणूस होता, त्याने या पायऱ्या मोजून घातल्या, हे त्या रेघांमधून कळतं.

बाहेरची भिंत काढणारा मुलगा मात्र वैतागलाय. ती सरळ जातच नाही. जरा पुढे येते, वळते, मागे सरकते, पुन्हा पुढे. ऊन वर चढतंय तशी प्रत्येक वळणावरची सावली जागा बदलते आणि त्याची पेन्सिल मागे पडते. काळ्या कातळाचा एवढा मोठा भार या सावल्यांमुळे हलका दिसतो.

सर सांगतायत, की आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी आपली हजारो रेखाटनं लंडनच्या रिबा या संस्थेला दिली आणि 2013 साली तिथे त्यांच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. इथल्या स्थपतीचा एकही कागद आपल्याकडे नाही. त्याचं देऊळ बघून नकाशे उलट काढत जायचे. हे काम जुनंच आहे: 1868 साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे टेरी विद्यार्थ्यांना घेऊन इथे आले होते, रेखाटनं केली, शिल्पांचे साचे घेतले.

‘‘सर, आर्किटेक्टच्या रकान्यात काय लिहू?’’

‘‘मोकळा ठेव. पण रकाना काढून टाकू नकोस.’’

इथल्या शिलालेखात शक 982 आहे, म्हणजे इसवी सन 1060. शिलाहार राजा माम्वाणीचं नाव आहे. लोक मात्र सांगतात, पांडवांनी एका रात्रीत बांधलं. मला ही कथा लहानपणापासून आवडते, तरी आज ती खटकते. त्या एका रात्रीत दगड घडवणाऱ्यांची सगळी वर्षं बुडून जातात.

‘‘हेमाडपंती आहे बघ,’’ एक गृहस्थ कडेवरच्या नातीला सांगतात.

छेदवाली मुलगी मान वर करते. ‘‘काका, हेमाडपंत यानंतर दोनशे वर्षांनी झाले. या शैलीला भूमिज म्हणतात. सिन्नरचं गोंदेश्वर पाहिलंय का? तेही याच घराण्यातलं.’’

‘‘पाहिलंय की! पण ते ओळखायचं कसं?’’

ती शिखराचा कागद त्यांच्यापुढे सरकवते. चारही बाजूंनी वर चढणारे उभे पट्टे, त्यांच्यामध्ये छोट्या शिखरांच्या ओळी, वर जाताना लहान होत गेलेल्या. काका नातीला खाली उतरवतात आणि गुडघ्यावर बसून ओळी मोजू लागतात.