तिकिटांचा छंद आणि टपालहशील

छंदाच्या वस्तूची खरी किंमत जाहिरातींत लिहिलेली नसते. ती वस्तू आपल्या हातीं पडेपर्यंत जो एकंदर पैसा जातो, ती तिची खरी किंमत होय. आमच्या वडील पिढीला हें चांगलें ठाऊक होतें. जुन्या मराठी पुस्तकांच्या मलपृष्ठावर “किंमत १ रुपया, ट. ख. निराळा” असें छापलेलें असे, आणि व्ही. पी.नें पुस्तक मागविणारा गृहस्थ तो ‘निराळा’ शब्द दोनदां वाचून मगच कार्ड टाकीत असे. हल्लीं विद्यार्थी इंटरनेटवरून टपालाचीं तिकिटें मागवितात. चित्र दिसतें, किंमत दिसते, बोट लागतांच मागणी जाते; टपालखर्च मात्र अगदीं शेवटच्या पायरीवर प्रगट होतो. चाळीस रुपयांच्या तिकिटांवर ऐंशी रुपये वाहतूक पडली म्हणजे वडील मंडळी रागावतात आणि छंदच वाईट असा निवाडा देऊन मोकळी होतात. हा निवाडा आम्हांस मान्य नाहीं. चुकतो तो हिशेब; आणि तो सुधारतां येण्यासारखा आहे.

आरोंद्यासारख्या गांवीं तिकिटें विकणारा व्यापारी कोठून असणार? येथील विद्यार्थ्याचा सगळा व्यवहार टपालावर चालावयाचा. म्हणून हशील कशाचें घेतलें जातें, हें त्यानें प्रथम समजून घ्यावें. पूर्वीं आपल्या देशांत पत्राचें हशील अंतरावर ठरत असे. १८३७ च्या कायद्याखालीं एक तोळा वजनाचें पत्र कलकत्त्याहून मुंबईस धाडावयाचें तर एक रुपया पडे. इंग्लंडांतहि अशीच रीत होती. त्याच वर्षीं रोलंड हिल या गृहस्थानें हिशेब करून दाखविलें, कीं लंडनहून एडिंबरोपर्यंत एक पत्र वाहून नेण्याचा खरा खर्च पेनीच्या छत्तिसाव्या हिश्शाइतकाच आहे. मग पैसा जातो कशांत? तर पत्र घेणें, त्याची नोंद करणें, निवडणें आणि अखेरीस घरपोंच करणें यांत. पत्र दहा मैल जावो कीं चारशें मैल, हीं कामें तींच. या विचारांतूनच १८४० सालीं इंग्लंडांत पहिलें तिकीट निघालें. आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून हिंदुस्थानांतहि पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा, मग तें कोठेंहि जावो, असा एकच दर झाला. मुंबईच्या शेटजीस जें हशील, तेंच कोंकणांतल्या खेडुतास. लहान गांवावर याहून मोठा उपकार टपालखात्यानें क्वचितच केला असेल.

या गोष्टींत आमच्या विषयाची किल्ली आहे. खर्च वस्तूवर पडत नाहीं, पाकिटावर पडतो. एक तिकीट मागवा वा पन्नास मागवा, पाकीट एकच.

आतां प्रत्यक्ष आंकडे घेऊं. साध्या पत्रास पहिल्या २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये हशील आहे. एका तिकिटाचें वजन ग्रॅमच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास भरतें. लिफाफा आणि आंत घातलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे मिळून दहा ग्रॅम धरले, तरी उरलेल्या दहा ग्रॅमांत शंभराच्या घरांत तिकिटें सहज मावतात. स्पीड पोस्टाचा १ ऑक्टोबर २०२५ पासूनचा दर ५० ग्रॅमपर्यंत परगांवीं कोठेंहि ४७ रुपये आहे. त्यावर शेंकडा १८ प्रमाणें कर धरतां ५५ रुपये ४६ पैसे होतात. ५० ग्रॅमांच्या पुढें मात्र अंतराप्रमाणें दर चढतो. तेव्हां दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून मागवावयाचें असेल तर पाकीट पन्नास ग्रॅमांच्या आंत राहील असें पाहावें.

समजा, एका वर्गांतील पांच मुलांनीं प्रत्येकीं चाळीस रुपयांचीं तिकिटें निरनिराळीं मागविलीं आणि तीं स्पीड पोस्टानें आलीं. हशिलापायीं एकूण २७७ रुपये ३० पैसे गेले. तिकिटें मात्र दोनशें रुपयांचींच! त्याच पांचांनीं एक यादी करून एकाच व्यापाऱ्याकडे मागणी धाडली असती, तर ५५ रुपये ४६ पैशांत काम झालें असतें आणि प्रत्येकाच्या वांट्यास सुमारें ११ रुपये आले असते. बरेच व्यापारी ठराविक रकमेच्या पुढील मागणीस ट. ख. मुळींच लावीत नाहींत. तो लाभ निराळाच. तथापि ती रक्कम गांठण्यासाठीं नको असलेलीं तिकिटें घेणें हा शहाणपणा नव्हे, हें सांगणें नलगे. एकत्र मागणीस पथ्यें थोडींच: यादी कागदावर असावी, पैसे आधीं गोळा व्हावे, आणि रक्कम भरण्याचें काम कोणा तरी एका पालकानें आपल्या हातानें करावें. वर्षांतून दोन वेळां, सहामाहीच्या आरंभीं, अशी मागणी गेली तर पुरे आहे. दर आठवड्यास पाकीट येण्याची वाट पाहण्यांत मौज असते खरी, पण ती मौज महाग पडते.

येथें एक इशारा द्यावासा वाटतो. साध्या पत्राची पोंच मिळत नाहीं. तें गहाळ झालें तर दाद मागावयास पुरावा राहात नाहीं. रजिस्टर टपाल १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टांत विलीन झालें असल्यामुळें आतां साधें पत्र अथवा स्पीड पोस्ट असे दोनच मार्ग मुख्यत्वें उरले आहेत. कोणता घ्यावा? आमचें मत असें, कीं साठ रुपयांच्या मालास राखण्यासाठीं पन्नास रुपये अधिक मोजणें व्यर्थ होय. तो धोका पत्करावा. पांचशें रुपयांचा माल असेल तर ते पन्नास रुपये खुशाल द्यावे. परंतु दोन्ही प्रकारांत पुठ्ठ्यावर व मेणकागदावर मात्र काटकसर करूं नये. पावसाळ्यांत आपल्या बाजूस पाकीट किती दमट होऊन येतें हें सर्वांस ठाऊक आहे; मागील डिंक ओलावला कीं तिकिटें एकमेकांस चिकटून निकामी होतात. शक्य तर आषाढ-श्रावणांत मागणीच धाडूं नये.

क्रिकेटपटूंचीं चित्रपत्रें जमविणाऱ्यांस, किंवा अमेरिकेंतील मुलें ज्यांच्यामागें वेडीं असतात त्या बेसबॉल खेळाडूंच्या चित्रपत्रांनाहि, हाच हिशेब लागू पडतो. भेद इतकाच, कीं एका पत्राचें वजन दोन ग्रॅमांजवळ जातें, आणि कोपरा दुमडला तर त्याची किंमत उतरते. म्हणून पुठ्ठा अधिक जाड लागतो व पन्नास ग्रॅमांत पंधरा-वीस पत्रेंच बसतात.

पण तिकिटांच्या छंदास एक सोय अशी आहे, कीं ती दुसऱ्या कोणत्याहि छंदास नाहीं. येथें हशीलहि संग्रहांत जमा होऊं शकतें! विक्रेत्यास मागणीबरोबर दोन ओळी लिहाव्या, कीं पाकिटावर यंत्राचा छाप न घेतां शक्य तर स्मारक तिकिटें लावावीं. साध्या पत्रास हें सहज जमतें, व त्यास एक पैसाहि अधिक पडत नाहीं. स्वच्छ शिक्का पडलेलें असें पाकीट अखंड जपावें. तिकीट कात्रीनें कापून काढूं नये. कोठून, कोणत्या दिवशीं आलें हें शिक्का सांगतो, आणि जाणते संग्राहक त्या शिक्क्यासाठींच पाकीट मागतात. मुलांनीं आपसांत दूरच्या मित्रांशीं अदलाबदल करावी तीहि अशाच पाकिटांनीं. स्पीड पोस्टानें धाडणें पडलें तर विद्यार्थ्यांस हशिलांत शेंकडा १० सूट ठेविली आहे. ती टपालकचेरींत मागून घ्यावी.

सर्वांत स्वस्त मार्ग मात्र व्यापाऱ्यावांचूनचा होय. मुंबईच्या बड्या टपालकचेरींत, म्हणजे १९१३ सालीं पुरी झालेल्या त्या घुमटाच्या इमारतींत, तिकीटसंग्राहकांसाठीं स्वतंत्र विभाग आहे. तेथें नवीं तिकिटें छापील किंमतीसच मिळतात. चतुर्थीस गांवीं येणारा चाकरमानी पिशवींतून उदबत्त्या आणि मिठाई आणतो, तो एक लहान लिफाफा सहज आणील, व वाहतूक शून्य पडेल. त्यास यादी श्रावणाच्या आरंभींच कळवावी, एवढेंच. ज्यांस हें शक्य नाहीं त्यांनीं टपालखात्यांत संग्राहकाचें ठेव-खातें उघडावें. सहावी ते नववीच्या मुलांकरितां २०१७ सालापासून ‘दीनदयाळ स्पर्श’ नांवाची वर्षास ६००० रुपयांची शिष्यवृत्तीहि आहे; तीस असें खातें किंवा शाळेंतील संग्राहक मंडळाचें सभासदत्व लागतें. अभ्यास व छंद दोन्ही नीट सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या पालकांनीं या गोष्टीची चौकशी अवश्य करावी.

आणि विकत घेण्यापूर्वीं घरांत शोधावें. तेरेखोल नदीच्या पलीकडच्या तीरावर १८७१ पासून १९६१ पर्यंत निराळीं तिकिटें चालत होतीं. त्यांवर ‘इंडिया पोर्तुगेझा’ असें नांव, किंमत प्रथम रेइसमध्यें, मग टंका व रुपियांत, आणि १९५९ पासून एस्कुदोंत. आरोंद्याचें पेडण्याशीं सोयरसंबंध आणि व्यापार यांचें नातें जुनें. अशा घराच्या पेटींत, जुन्या कागदपत्रांच्या गठ्ठ्यांत, त्या काळचें एखादें पाकीट असण्याचा संभव आहे. इंटरनेटवर अशा पाकिटांस पैसे मोजावे लागतात. शिवाय परदेशांतून मागविल्यास हशील मोठें व सीमाशुल्काची टांगती तलवार निराळी. आजीस विचारावयास कांहींच लागत नाहीं. तें पाकीट मिळालें तर सोयऱ्यांचीं खाजगी पत्रें आंतून काढून वडिलांकडे द्यावीं आणि मोकळें पाकीट तेवढें मागून घ्यावें.

शेवटीं पत्त्याविषयीं दोन शब्द. पाकीट चुकीच्या गांवीं गेलें, तर वांचविलेलें हशील सर्व वायां जातें. १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झालेली पिनकोडाची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या टपालखात्यांतील अधिकाऱ्यानें आंखली. ते संस्कृताचे कवि होते, आणि १९७३ सालीं दिल्लीस भरलेल्या जागतिक तिकीटप्रदर्शनाचे अध्यक्षहि होते. त्यांच्या योजनेंत नदीच्या दोन्ही तीरांचा पहिला आंकडा ४ हाच आहे. पण अलीकडे ४१६, तर पलीकडे ४०३. घाईंत शेजारच्या तालुक्याचा आंकडा पडला तर पाकीट आधीं गोव्याची वारी करून येतें. मागणी धाडतांना साहीं आंकडे एकदां मोठ्यानें वाचून पाहावे.