वीस डॉलरचा खेळ आणि हक्कांची मक्तेदारी

अमेरिकी फुटबॉलवरील ‘ईएसपीएन एनएफएल २के५’ हा व्हिडिओ गेम जुलै २००४ मध्ये प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्ससाठी बाजारात आला. सेगाच्या या खेळाची निर्मिती व्हिज्युअल कन्सेप्ट्सची होती. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपणासारख्या मांडणीमुळे समीक्षकांनी तो नावाजला. मात्र खळबळ उडाली ती १९.९९ डॉलर या किमतीने. प्रतिस्पर्धी इलेक्ट्रॉनिक आर्ट्सला आपल्या ‘मॅडन एनएफएल २००५’ची सुमारे ५० डॉलरची किंमत ३० डॉलरपर्यंत उतरवावी लागली.

ग्राहकांना हा लाभ फार काळ मिळाला नाही. डिसेंबर २००४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने एनएफएल आणि तिच्या खेळाडूंच्या संघटनेशी करार करून संघ, मैदाने व खेळाडूंची नावे वापरण्याचे अनन्य हक्क मिळवले. फुटबॉलवर खेळ तयार करण्यास इतरांना मनाई नव्हती. पण खऱ्या खेळाडूंची नावेच नसलेला क्रिकेटचा खेळ भारतात तरी कोण विकत घेईल? स्पर्धकांनी २००७ मध्ये निवृत्त खेळाडूंना घेऊन नवा खेळ काढला, परंतु ‘मॅडन’चे वर्चस्व अबाधित राहिले.

ग्राहकांनी चढ्या किमतींविरुद्ध दाखल केलेल्या दाव्यात इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने २०१२ मध्ये २ कोटी ७० लाख डॉलर देण्याची तडजोड केली. एनएफएलच्या अनन्य हक्कांना मात्र या तडजोडीने धक्का लागला नाही.